विली डेव्हिससारखं खेळता खेळता धंद्यात उतरणं आपल्या गोव्यातल्या फुटबॉलपटूला जमेल का?

डिचोलीकर

मंडळी नमस्कार, प्रश्न थोडा लांब आहे पण पूर्ण वाचा आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी मोकळेपणी सांगा. माझा धाकटा भाऊ गोवा प्रो लीगमध्ये खेळतो, स्टॉपर, वय २६. मागे गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आता परत खेळतोय पण वळताना कचरतो, ते मला बाहेर बसून पण दिसतं. पेमेंट येतं तेव्हा येतं. घरात दोन मतं आहेत. बाबा म्हणतात स्पोर्ट्स कोट्यातून सरकारी नोकरी लागते का बघ आणि एकदाचा स्थिर हो. आणि दुसरीकडे म्हापशातल्या एका ओळखीच्या डीलरने त्याला विचारलंय, पेडणे तालुक्यासाठी बिअर आणि सॉफ्ट ड्रिंकची सब-एजन्सी घेतोस का, तुला सगळे ओळखतात, तुझ्या नावावर माल उठेल. डीलरला डिपॉझिट द्यावं लागेल, पैसे थोडे घरचे, बाकी कर्ज.

आता हे सगळं चालू असताना भावाच्या वाचनात आला विली डेव्हिस. अमेरिकन फुटबॉलवाला, म्हणजे हेल्मेट घालून अंडाकृती बॉल घेऊन धावतात तो खेळ. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. डेव्हिसने पण बिअरची एजन्सी घेतली आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांच्या बोर्डावर जाऊन बसला, मग मी का नको, सेम टू सेम केस आहे म्हणतो. मला शंका अशी की हे खेळाडू खरंच धंदा चालवतात की नाव आणि फोटो देतात आणि चालवणारा दुसराच असतो? आणि स्वतः चालवत असतील तर शिकले कधी, आयुष्य तर सगळं मैदानावर गेलेलं असतं. भावाला हा धागा दाखवणार आहे म्हणून नीट लिहा, प्लीज.


फोंडा_वाचक

डेव्हिसवर मी बरंच वाचलंय आणि हा माणूस मला मनापासून आवडतो त्यामुळे जरा जास्तच लिहीन, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे केस सेम नाही. तुझ्या भावाने सुरुवात आणि शेवट वाचलाय, मधलं राहिलंय, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

जन्म १९३४, लुइझियानातलं लिस्बन नावाचं खेडं. वाढला टेक्सारकानाला, आई स्वयंपाकाची कामं करून घर चालवायची. काळ्या मुलांना दक्षिणेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांचे दरवाजे बंद होते ते दिवस, तो ग्रॅम्बलिंगला शिकला, टीमचा कॅप्टन होता. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात, नाव आलं ते थेट १५ व्या फेरीत, म्हणजे कुणाला त्याच्याकडून फार काही अपेक्षा नव्हती. मग लष्करात गेला, मग क्लीव्हलँडकडून दोन सीझन, आणि १९६० ला त्याला ग्रीन बे पॅकर्सकडे धाडून दिलं. ग्रीन बे म्हणजे न्यूयॉर्क शिकागो नव्हे, आजही जेमतेम लाखभर वस्तीचं थंडगार गाव आहे, आणि टीमचा कुणी एक शेठ मालक नाही, गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी शेअर घेऊन चालवलेली टीम. आपल्या गोव्यातल्या लोकांना हे पटकन कळेल, गाव आणि क्लब यांचं नातं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिथे कोच होते विन्स लोम्बार्डी, ज्यांच्या नावाची ट्रॉफी आज सुपर बोल, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी फायनल, जिंकणाऱ्याला देतात. डेव्हिस तिथे दहा सीझन डिफेन्सिव्ह एंड खेळला, म्हणजे बचावाच्या फळीच्या टोकाला, त्यातले आठ त्यांच्या हाताखाली, पाच वेळा चॅम्पियन, पहिले दोन्ही सुपर बोल जिंकले, आणि बारा वर्षांच्या अख्ख्या करिअरमध्ये एकही मॅच चुकवली नाही, १६२ च्या १६२. दर वेळी खेळ सुरू झाला की शंभर किलोच्या वरच्या माणसाला अंगावर घ्यायचं अशी ती जागा, तिथे बारा वर्षं एकही मॅच न चुकवणं म्हणजे काय ते तुझ्या भावाला सांगायला नको.

आता मधलं. त्या काळात तिथे पण खेळाडूंना आजच्यासारखे पैसे नव्हते, सीझन संपला की बहुतेक जण कुठे ना कुठे कामाला जायचे, कुणी विमा विकायचा कुणी गाड्या. डेव्हिसने खेळत असतानाच शिकागो युनिव्हर्सिटीत एमबीएला नाव घातलं. ग्रीन बेपासून शिकागो तीनशे किलोमीटरच्या वर, आणि युनिव्हर्सिटी अशी की तिथे खेळाडू म्हणून कुणी मार्क वाढवून देणार नाही. दुसरा सुपर बोल जिंकला जानेवारी १९६८ मध्ये आणि एमबीएची डिग्री हातात आली त्याच वर्षी. निवृत्त झाला १९६९ चा सीझन खेळून. म्हणजे डिग्री आधी, निवृत्ती नंतर. आणि श्लिट्झ नावाची जी बिअर कंपनी, तिच्यासाठी पण तो खेळत असतानाच ऑफ सीझनमध्ये काम करत होता. धंदा आतून बघून झाला होता, माल कसा हलतो ते माहीत होतं, मग १९७० ला लॉस एंजेलिसमध्ये श्लिट्झची डिस्ट्रिब्युटरशिप घेतली. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, चालवणारा दुसरा नव्हता, तोच होता.

अजून एक गोष्ट तुझ्या भावाला मुद्दाम वाचायला सांग. श्लिट्झ तेव्हा अमेरिकेतली दोन नंबरची बिअर होती. पुढे सत्तरच्या दशकात कंपनीने खर्च वाचवायला बिअर बनवायची पद्धतच बदलली, आंबवायचा वेळ कमी केला, स्वस्तातला कच्चा माल घातला, पिणाऱ्यांना चव बदललेली कळली आणि गिऱ्हाईक तुटलं. १९८२ ला कंपनी स्ट्रो नावाच्या दुसऱ्या बिअर कंपनीने विकत घेतली, खेळ खलास. डिस्ट्रिब्युटरने कितीही घाम गाळला तरी माल बनवणाऱ्याने माती खाल्ली तर तो काय करणार? पण डेव्हिसने १९७६ लाच ऑल-प्रो ब्रॉडकास्टिंग काढून रेडिओ स्टेशनं घ्यायला सुरुवात केली होती, सगळा जीव एकाच बाटलीत ठेवला नव्हता. नंतर डाऊ केमिकल, सारा ली, जॉन्सन कंट्रोल्स, एमजीएम अशा कंपन्यांच्या संचालक मंडळावर, आणि पॅकर्सच्या पण. १९८१ ला हॉल ऑफ फेम. २०२० च्या एप्रिलमध्ये गेला, ८५ व्या वर्षी.


म्हापसा_गोडाऊन

वरच्या दादांनी डेव्हिसचं छान सांगितलं, मी अमेरिकेतलं सांगू शकत नाही पण पेडण्यातली बिअर कशी विकली जाते ते सांगतो, आमचं घरच या लाइनमध्ये आहे.

सब-एजन्सी या शब्दावर आधी थांबा. कंपनीशी कागद तुमचा नाही, डीलरचा आहे. तुमचा कागद फक्त डीलरशी, आणि बहुतेक वेळा तो पण नसतो, तोंडी असतं. उद्या कंपनीने डीलर बदलला किंवा डीलरनेच मोरजीपासून हरमलपर्यंतचा किनारी पट्टा स्वतःकडे ठेवून तुम्हाला आतले गाव दिले तर तुम्ही कुणाकडे जाणार? म्हणून एरिया कुठून कुठपर्यंत, हॉटेलं कुणाची, शॅक म्हणजे किनाऱ्यावरच्या बांबूच्या खानावळी कुणाच्या, हे लिहून पाहिजे. होलसेलचं लायसन्स अबकारी खात्याचं लागतं, ते कुणाच्या नावावर निघणार तेही आत्ताच विचारा. माल तुमच्या टेम्पोत आणि लायसन्स त्याच्या नावावर, असलं काही नको.

दुसरं, उधारी. या धंद्यात माल विकणं कठीण नाही, सीझनमध्ये फोन करून मागतात. पैसे परत आणणं म्हणजे धंदा. किनाऱ्यावरचे शॅक मे अखेर उतरवतात, आणि चालवणारे बरेच बाहेरचे असतात, बांबू खाली आले की माणूस पण गेला. आम्ही एप्रिलच्या मध्यापासून नवा माल रोखीवर आणि जुनी वसुली रोज संध्याकाळी, असं करतो, त्यात मुरव्वत नाही, मित्र असला तरी नाही. आता तुमचा भाऊ खेळाडू, सगळ्यांचा लाडका, प्रत्येक बारवाला म्हणणार ये रे बस, काय घेतोस, पुढच्या आठवड्यात बघूया. त्याला तोंडावर नाही म्हणता येतं का? हे खरंच विचारतोय, कारण मी चांगल्या चांगल्या माणसांना इथेच बुडताना पाहिलंय.

तिसरं, रिकाम्या. बाहेरच्या माणसाला वाटतं भरलेल्या बाटल्यांचा हिशेब महत्त्वाचा, पण काचेच्या मालात रिकाम्या बाटल्या आणि क्रेट हे पण पैसेच, त्यावर डिपॉझिट असतं. शंभर क्रेट गेले, परत आले ब्याण्णव, त्यात काही बाटल्यांचं तोंड तुटलेलं, काही दुसऱ्याच ब्रँडच्या घुसडलेल्या. टेम्पोवरच्या पोराने मोजले नाहीत तर त्या आठ क्रेटचे पैसे तुमचे. हे गणित रोजचं आहे, एक दिवस सोडला तर आठवड्यानंतर कुठे गळतंय ते शोधून सापडत नाही. आणि बिअरला एक्स्पायरी असते हो, मे मध्ये जास्त उचललेला माल पावसात पडून राहतो, पावसात पेडण्यात पितं कोण, ऑक्टोबरपर्यंत अर्ध्याची तारीख गेलेली असते. डीलर परत घेणार की नाही, हे पण लिहून घ्या.

धंदा वाईट नाही, मोपाला विमानतळ झाल्यापासून तिकडे हॉटेलं वाढलीत. पण नाव चालेल म्हणून धंदा चालेल हे डीलरचं बोलणं आहे, डिपॉझिट घेणारा माणूस असंच बोलणार.


डिचोलीकर

बापरे, हे रिकाम्या बाटल्यांचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. धन्यवाद भाई. लायसन्सचं विचारतो. कर्जाबद्दल पण कुणी सांगा, डीलर म्हणतो बँकेत माझी ओळख आहे, तुमच्या डिचोलीच्या जागेवर सहज होईल.


पर्वरीची_सीए

जागेवर कर्ज हे वाचून लिहायला बसले. भाऊ, जागा तुमच्या वडिलांच्या नावावर असणार, बरोबर? मग धंदा करणार एक, रिस्क घेणार दुसरा आणि डिपॉझिट मिळणार तिसऱ्याला. कृपा करून पहिल्याच वर्षी हे करू नका.

अमेरिकेतल्या खेळाडूंची यशाची उदाहरणं सगळे देतात, मी दुसरी बाजू सांगते कारण ती आकड्यात आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे डेव्हिस खेळला त्या लीगमध्ये, आज अगदी नवख्या पोराला पण वर्षाला किमान ८ लाख डॉलरच्या वर मिळतात, तरी २०१५ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी १९९६ ते २००३ च्या ड्राफ्टमधल्या खेळाडूंचा अभ्यास केला त्यात निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत जवळपास १६ टक्के लोकांनी दिवाळखोरीचा अर्ज केलेला निघाला. सहातला एक. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की किती कमावलं आणि किती वर्षं खेळला याने फारसा फरक पडत नव्हता, खूप कमावलेले पण त्याच वेगाने बुडत होते. पैसा कमी पडला म्हणून बुडाले असं नाहीच ते. एका वयात भरपूर पैसा येतो आणि एकदम बंद होतो, आणि मधल्या काळात नातेवाईक, मित्र, ओळखीचे सगळे काही ना काही स्कीम घेऊन येतात, हॉटेल काढूया, जमीन घेऊया. माझ्याकडे पण खेळाडू क्लायंट येतात, आकडे खूप लहान पण प्रकार तोच.

आता चांगलं उदाहरण देते, कारण मला घाबरवायचं नाहीये. रॉजर स्टॉबॅक. डॅलस काउबॉईजचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा, दोन सुपर बोल जिंकले, १९६३ ला कॉलेजातला सगळ्यात मोठा हाइझमन पुरस्कार. पण नेव्हल अकादमीचा असल्यामुळे आधी नौदलात चार वर्षं नोकरी, त्यातलं एक वर्ष व्हिएतनाममध्ये, सप्लाय ऑफिसर. डॅलसला आला १९६९ ला, वय २७, घरी बायको आणि लहान मुली. खेळात आज आहे उद्या नाही, एक वाईट टॅकल आणि सगळं संपलं, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं, म्हणून ऑफ सीझनमध्ये तो डॅलसच्या एका रिअल इस्टेट कंपनीत नोकरीला लागला. सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर पण जात होता. अशी काही वर्षं काढून मग १९७७ ला स्वतःची कंपनी, तेव्हाही तो खेळतच होता, निवृत्ती १९७९ च्या सीझननंतर.

आणि त्याने धंद्यात जे केलं ते माझ्या मते फार हुशारीचं होतं. ऑफिसची जागा भाड्याने देण्याघेण्यात दलाल सहसा जागामालकाचा असतो, भाडं जितकं जास्त तितकं त्याचं भलं. भाड्याने घेणाऱ्या कंपनीच्या बाजूने बोलणारं कुणीच नाही. स्टॉबॅकने सांगितलं आम्ही फक्त भाडेकरूचं काम करणार, मालकाचं घेणारच नाही. कंपनी वाढत गेली, २००८ मध्ये जोन्स लँग लसाल या मोठ्या रिअल इस्टेट कंपनीने ती ६१ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. नुसत्या क्वार्टरबॅकच्या नावाला एवढे पैसे कुणी देत नाही, तीस वर्षं उभी केलेली माणसं आणि क्लायंट होते त्यात.


मडगाव_विंगर

सगळे नावाला इतकं कमी का लेखताय ते मला कळत नाही. मी वेगळं बोलतो, भावाने ऐकावं.

स्टॉबॅक क्वार्टरबॅक नसता तर डॅलसमधल्या कंपन्यांच्या चेअरमन लोकांनी त्याचा फोन तरी घेतला असता का? डेव्हिसला श्लिट्झने लॉस एंजेलिस दिलं ते चॅम्पियन टीमचा खेळाडू होता म्हणून पण दिलं, एका काळ्या माणसाला १९७० मध्ये असली डिस्ट्रिब्युटरशिप सहज मिळत नव्हती. नाव ही पण भांडवलच आहे, आणि त्याला पण एक्स्पायरी आहे. आज तुझा भाऊ मैदानात दिसतो, पेपरात फोटो येतो, म्हणून तो डीलर आला. पाच वर्षांनी येईल? आमच्या इथे फातोर्ड्याला ज्यांच्यासाठी स्टेडियम भरायचं त्यांना आज पोरं ओळखत नाहीत, बघून वाईट वाटतं. म्हणून जे करायचं ते आत्ता, नाव गरम आहे तोवर.

आणि हे फक्त जुन्या जमान्यातलं पण नाही. जस्टिन टक, न्यूयॉर्क जायंट्सचा डिफेन्सिव्ह एंड, दोन सुपर बोल जिंकलेला, पैशाची ददात नाही, तरी निवृत्तीनंतर व्हार्टन या नामांकित बिझनेस स्कूलला जाऊन २०१८ ला एमबीए केलं आणि गोल्डमन सॅक्स बँकेत लागला. त्याने नाव वापरलं का? वापरलं असेलच, वापरावंच. जेरी रिचर्डसन घ्या. बाल्टिमोर कोल्ट्सचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, दोन सीझन खेळला फक्त, १९५९ च्या फायनलमध्ये टचडाऊन केला, त्यांचा गोलच तो. पगारात १०,००० डॉलर मागितले, टीम ९,७५० वर अडून बसली, २५० डॉलरसाठी सोडून गेला. चॅम्पियनशिपच्या बोनसचे पाच हजारांच्या आतले पैसे होते ते घालून १९६१ ला कॉलेजच्या दोस्ताबरोबर साउथ कॅरोलिनात स्पार्टनबर्गला हार्डीजचं पहिलं फ्रँचायझी हॉटेल टाकलं, हॅम्बर्गरचं. तिथून शेकडो हॉटेलांच्या कंपनीचा प्रमुख, आणि १९९३ ला एनएफएलची नवी टीमच मिळवली, कॅरोलिना पँथर्स. त्याने कुठे एमबीए केलं होतं?


पर्वरीची_सीए

विंगर, रिचर्डसनचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. २०१७ मध्ये त्याच्यावर ऑफिसातल्या महिलांशी गैरवर्तनाचे आणि एका कर्मचाऱ्याला वंशद्वेषी शब्द वापरल्याचे आरोप आले, लीगने २७ लाख ५० हजार डॉलर दंड केला आणि २०१८ ला टीम विकून बाहेर पडला. धंदा मोठा केला हे खरं, पण तरुण पोरापुढे आदर्श म्हणून ठेवताना मी डेव्हिस ठेवेन.

बाकी नावाला एक्स्पायरी असते हे मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त माझं म्हणणं, नाव वापरून आत शिरायचं ते शिकायला, पैसे घालायला नाही. आणि बघा, रिचर्डसनने स्वतःच्या बोनसचे पैसे घातले, बापाची जागा नाही. हा फरक छोटा नाही. डीलरला म्हणा, नाव माझं वापर, मला एक सीझन पगार आणि कमिशनवर घे, पेडण्याची लाइन मी सांभाळतो, डिपॉझिट पुढच्या वर्षी बोलू. खरंच नावाने माल उठणार असेल तर त्याला यात काय तोटा आहे? नाही म्हणाला तर समजा की त्याला भागीदार नको होता, डिपॉझिट पाहिजे होतं.


टिळक_मैदान_वास्को

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा आहे, टाइप करायला वेळ लागतो, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वेळी गोव्यातला मोठा क्लब म्हणजे कंपनीचा क्लब. धेंपो, साळगावकर, मागे खाण आणि जहाजांचा धंदा. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची, सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिस, मॅचच्या दिवशी सुट्टी. १९८३ ला संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांमधली फुटबॉल स्पर्धा, बंगालबरोबर वाटून मिळाली आणि १९८४ ला एकट्या गोव्याने जिंकली, त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या घरची चूल अशा नोकऱ्यांवर पेटली. आता आमच्यात दोन प्रकार होते. काही जण मस्टरवर सही करायचे आणि कँटीनमध्ये, साहेब पण काही बोलायचे नाहीत, खेळाडू आहे, जाऊ दे. आणि काही जण त्या टेबलावर खरोखर बसले, बार्ज म्हणजे खनिज नेणाऱ्या सपाट बोटी, त्यांचं लोडिंग कसं नोंदवतात, बिल कसं बनतं, सर्व्हेअर काय बघतो, सगळं विचारून घेतलं. माझ्या शेजारी एक हाफबॅक बसायचा, दुपारी सगळे डुलक्या घ्यायचे तेव्हा हा जुन्या फायली काढून भरतीओहोटीच्या वेळा आणि बार्जच्या खेपा जुळवत बसायचा, आम्ही चिडवायचो त्याला. पाय संपल्यावर तो शिपिंगमध्ये स्वतःच्या पायावर उभा राहिला, चांगला मोठा झाला. पाय आमचे पण संपले, पण आम्हाला कँटीनच्या चहाच्या पलीकडे काही येत नव्हतं.

आज त्या नोकऱ्या पण राहिल्या नाहीत पोरांनो. २०१२ ला खाणी बंद झाल्या, पुन्हा २०१८ ला, २०१६ ला गोव्याच्या जुन्या क्लबांनी आय-लीग या देशपातळीच्या लीगमधून अंग काढून घेतलं. तुझ्या भावाला आम्हाला मिळाली तशी खुर्ची कुणी आणून देणार नाही. म्हणून बाई सांगतायत ते मला पटतं, त्याने ती खुर्ची स्वतः मागून घ्यावी, टेम्पोवरची का असेना.

आणि तुझे बाबा सरकारी नोकरी म्हणतात त्यांच्यावर रागावू नको. त्यांनी खाणीवरच्या लोकांचे ट्रक घरासमोर गंजताना पाहिलेत, डिचोलीत राहून ते कसं विसरणार.


डिचोलीकर

काका, ट्रक आमच्या घरात पण होता. बाबांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण परत एकदा वाच म्हणाले.

भावाने सगळा धागा बसून वाचला. आधी फोंड्याच्या दादांवर वैतागला, मग डेव्हिसने सुपर बोल आणि एमबीए एकाच वर्षी केलं हे त्याला माहीतच नव्हतं म्हणाला. आता त्याचं म्हणणं असं की जागेवर कर्ज नको, ते संपलं. डीलरला सीएताईंनी सांगितलं तसं विचारणार, पगार आणि कमिशनवर एक सीझन. आणि बी.कॉम अर्धवट सोडलंय ते इग्नूमधून पूर्ण करायचं म्हणतोय. साखळीला जीआयएम, गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट, आम्हाला जवळ आहे, एमबीएचं त्याच्या मनात आहे, पण आधी ग्रॅज्युएशन. स्पोर्ट्स कोट्याचा फॉर्म पण भरणार, बाबांसाठी.

एकच अडचण, प्रॅक्टिस सकाळी असते, टेम्पो पण सकाळीच निघत असेल ना? दोन्ही कसं जमायचं?


फोंडा_वाचक

कोचशी सरळ बोलायला सांग, लपवून करू नको म्हणावं. आणि इग्नूचं पुस्तक हातात आल्यावर अकाउंट्स आधी वाच, इतिहास मराठी मागाहून. डेव्हिसच्या डिग्रीतला त्याला रोज उपयोगी पडला असेल असा भाग मला तरी तोच वाटतो.


मडगाव_विंगर

मला पटलं, पगार आणि कमिशन चालेल. फक्त कमिशन वसुलीवर घे, विक्रीवर नको, नाहीतर उधारीवर माल ओतायची सवय लागेल. आणि त्याला सांग खेळणं इतक्यात सोडू नको. गुडघ्याला एक अख्खा सीझन दे, भीती जाते, माझी गेली.


म्हापसा_गोडाऊन

कमिशन वसुलीवर, एकदम करेक्ट, आम्ही आमच्या सेल्समनला तसंच देतो.

वेळेचं सांगतो. लोडिंग सकाळी होतं खरं पण ते काम गोडाऊनची माणसं करतात. म्हापशाहून निघून शिवोली, चोपड्याचा पूल, मग मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल अशी लाइन, बार आणि शॅक तसेही अकराच्या आधी धड उघडत नाहीत. प्रॅक्टिस आटपून तो मोरजीला टेम्पो गाठू शकतो. वसुली संध्याकाळची असते, ती त्याने स्वतः करावी, दुसऱ्याला पाठवू नये. डीलर नाही म्हणाला तरी निराश होऊ नका, आमच्याकडे ऑक्टोबरपासून त्याच लाइनवर माणूस लागतोच. मला खाजगी मेसेज करा, पण त्याला सांगा पहिला महिना फक्त रिकाम्या मोजायच्या, माल विकायचा नाही.


डिचोलीकर

मेसेज केलाय भाई. तो तयार आहे.